वाइनरीच्या लॅबमधली नोकरी, आजीची शपथ आणि माझा विश्वास : मी काय करू?

मोहरीचा दाणा (धागाकर्ती)

सगळ्यांना सलाम.

मी २७ वर्षांची, नाशिकरोडची. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय. तीन वर्षं झाली, अंबड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे. जंतू वाढवायचा मीडिया ओतायचा, प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, कॉलन्या मोजायच्या, रिपोर्टवर सही करायची. पगार १९ हजार. गेल्या आठवड्यात गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वाइनरीतून फोन आला. त्यांच्या लॅबमध्ये जागा आहे, वाइनमेकरच्या हाताखाली. यीस्टचं कल्चर सांभाळायचं, रोज टाक्यांचे नमुने काढून साखर, आम्लता, पीएच, सल्फर डायऑक्साइड तपासायचं, मॅलोलॅक्टिक फर्मेंटेशन (वाइनची आम्लता सौम्य करणारं दुसरं आंबवणं) कुठवर आलं ते बघायचं. पगार ३४ हजार. रुजू व्हायचं १ डिसेंबरला.

मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी स्टीलच्या टाक्या दाखवल्या. जे मी पाच वर्षं पुस्तकात वाचलं ते समोर बुडबुडत होतं. खरं सांगते, मला रडू यायचं बाकी होतं.

आता अडचण. माझे आजोबा दारूने गेले, ४१ व्या वर्षी. आजी तेव्हा ३४ ची, पदरात दोन मुलगे. ती सांगते, रोज संध्याकाळी आजोबा घरी आले की ती आधी त्यांचा शर्ट हुंगायची. शर्टावरून कळायचं आजची रात्र कशी जाणार. ते गेल्यावर पहिल्या रविवारी तिने दोन्ही मुलांना चर्चच्या मंडळीसमोर वेदीपाशी नेलं आणि शपथ घ्यायला लावली की या घराच्या उंबऱ्याच्या आत दारू येणार नाही. बाबांनी आणि काकांनी ती पाळली. आमच्या घरी केकमध्येसुद्धा रम नसते. आजी आता ८४ ची आहे, आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "पाळकसाहेबांना काय तोंड दाखवायचं?" पुढे बोललीच नाही.

आणखी दोन गोष्टी. जानेवारी ते मार्च हंगाम, त्यात रविवारची सुट्टी नाही. म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातले बहुतेक रविवार उपासना बुडणार. आणि चाखणं हा कामाचाच भाग आहे. चाखून थुंकायचं असतं, प्यायचं नाही, पण तोंडात जातंच.

मी स्वतः पीत नाही, पिणारही नाही. पण हे पाप आहे असं माझं मन मला सांगत नाही. आणि तेच मला जास्त टोचतंय. मन सांगत नाही ते बरोबर आहे म्हणून, की मला ही नोकरी हवी आहे म्हणून?

नवी निर्मिती

ताई, जय ख्रिस्त. मनातलं बोलतो, राग मानू नका.

मी पंचवटीतल्या एका वस्तीत शनिवारी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. तिथल्या मुलांना गृहपाठ का नाही केला असं मी विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे. रात्री बाप पिऊन आला, दिवा फोडला. हबक्कूक २:१५ उघडून बघा. जो आपल्या शेजाऱ्याला पाजतो त्याला तिथे हाय हाय म्हटलंय. पिणाऱ्याला नाही, पाजणाऱ्याला. तुम्ही पिणार नाही हे ठीक, पण तुमच्या हातून बनलेलं कोणीतरी पिणारच ना? १५ हजार जास्त मिळतात म्हणून प्रभूची साक्ष गहाण टाकू नका. औषधाच्या कंपनीत तुमच्या सहीमुळे कोणाचा तरी जीव वाचतो. ती नोकरी लहान नाही.

वसईची सून

मी वसईची, लग्न होऊन नाशिकला आले, कॅथलिक. आमच्याकडे नाताळच्या दीड महिना आधी आजी बरणीत मनुका, साखर आणि थोडे गहू घालून वाइन लावायची. बरणीला फडकं बांधून कोठीत ठेवायची आणि आम्हा पोरांना सांगायची, हलवू नका, झोपलीय ती. नाताळच्या दिवशी पाहुण्यांना छोट्या छोट्या ग्लासांतून द्यायची. कोणी झिंगलेलं मी पाहिलं नाही. मिस्साला, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेला, तर वाइन लागतेच. आमच्या धर्मनियमात स्पष्ट आहे की ती द्राक्षांचीच हवी, भेसळ नसलेली आणि न बिघडलेली. म्हणजे कोणीतरी ती नीट तपासून बनवायलाच हवी ना, मोहरीताई?

मला समजत नाही ते एवढंच की जी वस्तू वेदीवर चालते ती बनवणाऱ्याच्या हाताला पाप कसं लागतं.

नवी निर्मिती

वसईताई, बायबलमध्ये द्राक्षारस म्हटलंय. द्राक्षाचा रस. तो आंबवलेलाच होता हे कशावरून?

मोहरीचा दाणा

दादा, याचं उत्तर मला माझ्या विषयातून देता येईल, म्हणून देते.

द्राक्षाच्या सालीवर आणि बागेच्या हवेत रानटी यीस्ट असतंच. द्राक्षं तुडवली की रस त्याच दिवसापासून आंबायला लागतो. तो तसाच गोड ठेवायचा तर उकळून घट्ट करावा लागतो किंवा पाश्चरीकरण करावं लागतं. पाश्चरचं वाइनवरचं काम १८६० च्या दशकातलं. त्याचीच रीत वापरून अमेरिकेतल्या वेल्च नावाच्या मेथॉडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये प्रभुभोजनासाठी (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेतात तो विधी) न आंबलेला रस बाटलीत टिकवून दाखवला. म्हणजे आमच्या मंडळीत छोट्या पेल्यांतून मिळतो तो गोड रस जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. शिवाय पॅलेस्टाइनमध्ये द्राक्षांची तोडणी उन्हाळ्याच्या शेवटी होते आणि वल्हांडण, ज्या यहुदी सणाला ते शेवटचं भोजन झालं, येतो वसंतात. शेवटच्या भोजनाच्या पेल्यातला रस सहा महिन्यांचा तरी असणार. तो आंबलेलाच होता.

मराठी शब्दाने आपला घोटाळा होतो. "द्राक्षारस" वाचलं की डोळ्यांसमोर ज्यूसचं दुकान येतं. पण त्याच बायबलमध्ये इफिसकरांना द्राक्षारसाने मस्त होऊ नका असं सांगितलंय. ज्यूसने कोण मस्त होतं?

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. पाव फुगवणारं यीस्ट आणि वाइन करणारं यीस्ट एकाच प्रजातीचं असतं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. भाकर आणि प्याला, दोन्हीमागे तोच एक डोळ्यांना न दिसणारा जीव. हे मला कॉलेजात कळलं त्या रविवारी प्रभुभोजन घेताना माझे हात थरथरत होते.

पण दादा, यातून फक्त एवढंच ठरतं की येशूच्या टेबलावर वाइन होती. मी ती नोकरी घ्यावी हे ठरत नाही. तुमच्या वस्तीतल्या मुलांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही.

वॉर्ड सिस्टर

धर्माचं मोठे लोक बोलतील. मी २२ वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात. मी आकडे देते.

१५० मिली वाइन, १२ टक्क्यांची, म्हणजे साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम. म्हणजे वाइनचा एक ग्लास हा जवळजवळ दीड छोटा पेग झाला. यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलं. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. वॉर्डात पोट फुगलेले, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले पेशंट होते. खूप चीड आली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सरळच सांगितलं की अमुक इतकं प्यायलं तर सुरक्षित असं प्रमाणच नाही. कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात अल्कोहोल १९८८ पासून आहे.

नोकरी घे की नको हे मी सांगणार नाही. पण घेतलीस तर "वाइन हृदयाला चांगली असते" हे तुझ्या तोंडून कधी निघू देऊ नकोस. तुझ्या नावापुढे एमएस्सी आहे. लोक विश्वास ठेवतील.

निफाडचा बागायतदार

राम कृष्ण हरी. मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ. मांस नाही, दारू नाही, एकादशी चुकत नाही. आणि आमची द्राक्षबाग. थॉमसन, सोनाका, खायच्या जाती. दहा-बारा वर्षांपूर्वी दोन एकर वाइनच्या जातीची लावायची बोलणी झाली. कंपनी करार करणार, भाव आधीच ठरलेला. टेबलच्या मालाचं कसं असतं, गोडी छाटणी करून पोराबाळासारखी बाग वाढवायची आणि फेब्रुवारीत एक गारपीट झाली की मणी फुटून सगळं मातीत. त्यापेक्षा करार बरा वाटला. वडील म्हणाले, "गळ्यात माळ घालून दारूची द्राक्षं पिकवायची?" आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पौष महिन्यात त्र्यंबकेश्वराला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या जातात, आणि तीच वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीची वेळ. आमची दिंडी एका अशाच बागेच्या कडेने चालली होती. तोडणीच्या बाया कॅरेट भरत होत्या. त्यातल्या दोघी आमच्याच गावच्या, माळकरी. त्यांनी कैची खाली ठेवून वाकून नमस्कार केला आणि परत तोडायला लागल्या. वडिलांनी ते पाहिलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "त्यांना कोण विचारणार, तुमच्या हातचं कुठं जातं म्हणून."

शेवटी मी लावली नाही ती जात. वडिलांच्या जिवाला लागलं असतं म्हणून, पाप म्हणून नाही. आणि ज्यांनी लावली त्यांना मी कमी लेखत नाही. ताई, तुमचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे म्हणून लिहिलं.

शरणपूरचा मास्तर

बागायतदारसाहेब, तुम्ही न सांगता बायबलमधला एक अख्खा अध्याय सांगितलात. यिर्मया ३५. मोहरी, तूही तो काढून बस.

रेखाबी नावाचं घराणं होतं. त्यांच्या पूर्वजाने, योनादाबाने, सांगून ठेवलं होतं की तुम्ही आणि तुमच्या वंशजांनी द्राक्षारस प्यायचा नाही, घरं बांधायची नाहीत, द्राक्षमळे लावायचे नाहीत, तंबूत राहायचं. पिढ्या गेल्या. मग देवाने यिर्मयाला सांगितलं की त्यांना मंदिरात बोलाव आणि त्यांच्यापुढे द्राक्षारस ठेव. त्याने भरलेले घडे आणि पेले ठेवले. ते म्हणाले, आम्ही पिणार नाही, आमच्या बापाने सांगितलंय. आणि देवाने त्यांची वाखाणणी केली.

आता नीट बघ. द्राक्षारस वाईट म्हणून देवाने त्यांना शाबासकी दिलेली नाही. वाईट असता तर त्याच्याच मंदिरात, त्याच्याच संदेष्ट्याने तो पुढे का ठेवला असता? शाबासकी होती दिलेला शब्द पाळण्याबद्दल. तुझ्या आजीची शपथ त्या जातीची आहे. म्हणून मला वाटतं, "वाइन पाप आहे का" या प्रश्नात अडकू नकोस. आजीने नेमकी कसली शपथ घातली होती हे तिलाच विचार. शपथ घालणारी बाई घरात जिवंत आहे, आणि तू आम्हाला विचारते आहेस.

हबक्कूकाबद्दलही थोडं. ते वचन शेजाऱ्याला पाजून त्याची अब्रू लुटणाऱ्याबद्दल आहे, बाबेलने राष्ट्रांना कसं नागवलं त्याचं ते चित्र आहे. तरी नवी निर्मिती यांनी ते आठवलं ते योग्यच. पाजून कोणाचा फायदा होतो हा प्रश्न त्या वचनात आहेच. आणि कामाबद्दल लूक ३ वाच. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे आले, आम्ही काय करावं म्हणाले. जकात वसूल करणं म्हणजे रोमची चाकरी. तरी त्याने नोकरी सोडा असं सांगितलं नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, कोणावर जुलूम करू नका म्हणाला. कामात राहून काय करायचं नाही ते सांगितलं.

मी नाशिकच्या शरणपुरात वाढलो, त्यामुळे ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणली जात, त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवत. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंग्स्टन या संशोधकाबरोबर गेला आणि १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचा देह लंडनला पोचवून आला. आणि इथल्या ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांचा वडिलोपार्जित धंदा बहुतेक वेळा त्याच दिवशी सुटायचा. जात तोडायची, घर तोडायचं, पाणी तोडायचं. म्हणून आमच्या वाडवडिलांना विश्वास आणि हाताला काम या दोन गोष्टी वेगळ्या कधी वाटल्याच नाहीत. तू कामाचा प्रश्न विश्वासाचा म्हणून विचारतेस, त्याने मला बरं वाटलं.

पाथर्डी फाटा

थोडं विषयाच्या कडेचं विचारू का? आमच्या सोसायटीत आम्ही एकटे ख्रिस्ती. गणपतीची वर्गणी देतो, आरतीला खाली जाऊन उभे राहतो, पण प्रसादाचा मोदक हातात आला की माझी सासू तो रुमालात बांधून आणते आणि कामवाल्या मावशींना देते. माझी नऊ वर्षांची मुलगी परवा म्हणाली, "आज्जी खोटं वागते." मी गप्प बसले. तुम्ही सगळे काय करता?

वसईची सून

मी खाते. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला बघा, निम्म्याहून जास्त लोक हिंदू असतात. मेणबत्ती लावतात, नवस बोलतात, आपण दिलेलं हात पुढे करून घेतात. त्यातल्या एकानेही रुमालात बांधून नेलेलं मी पाहिलं नाही. आणि आम्ही मराठीत मिस्सातल्या पवित्र भाकरीला ख्रिस्तप्रसाद म्हणतो. शब्द तर आपण त्यांच्याच घरातून आणलाय.

शरणपूरचा मास्तर

मोहरीच्या प्रश्नाच्या कडेचं नाही हे, गाभ्यातलंच आहे. करिंथ या ग्रीक शहरात बाजारात मिळणारं बरंचसं मांस मूर्तीपुढे वाहिलेलं असायचं. खावं की नाही यावर मंडळीत दोन तट पडले. प्रेषित पौल त्या मंडळीला लिहितो, मूर्ती म्हणजे काही नाही हे ज्याला उमगलंय त्याने बाजारातलं खावं, विचारत बसू नये. पण तुझ्या खाण्याने दुसऱ्या एखाद्याचा विश्वास ढळत असेल तर तू खाऊ नकोस. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात तो हेच मांस आणि द्राक्षारस दोन्हींबद्दल सांगतो.

पण पौल हे सामर्थ्य असलेल्याला सांगतो. अशक्ताच्या हातात ते दुसऱ्याला दाबण्याचं शस्त्र म्हणून देत नाही. आपल्या मंडळ्यांत उलटं झालंय. जो मोठ्याने "मला ठेच लागली" म्हणतो तो सगळ्यांवर राज्य करतो.

पाथर्डी फाटा, तुमच्या सासूबाईंना खोटं म्हणू नका. त्यांच्या पिढीला त्या मोदकाबरोबर परत जुन्या जागी ओढलं जाण्याची भीती होती. आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं सोवळं-ओवळं, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाच्या हातचं नाही, हे सगळं त्यांच्या मनात चालू होतं. ते सुटलं ते स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळेला. खाण्यापिण्याची सदसद्विवेकबुद्धी फार हळू चालते, तिला ढकलू नये. मुलीला मात्र हे सगळं सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला कळतं.

लोहमार्ग

मी एक सरळ प्रश्न विचारते. मोहरी, तुझ्या घरात कोणी मुलगा आहे का, आणि तो काय करतो?

मोहरीचा दाणा

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. माझा चुलतभाऊ महामार्गावरच्या एका परमिट रूममध्ये मॅनेजर आहे. पाच वर्षं झाली. आजीला "हॉटेलात आहे" एवढंच माहीत आहे. घरातल्या बाकी सगळ्यांना सगळं माहीत आहे. पाळकसाहेबांना काय तोंड दाखवायचं असं त्याच्या वेळी कोणीही म्हणालं नाही. गेल्या नाताळात त्याने मंडळीला साउंड सिस्टीम दिली, तेव्हा टाळ्या वाजल्या.

त्याच्यावर राग नाही. त्याची दोन मुलं आहेत. पण हे लिहिताना माझे कान गरम झालेत.

लोहमार्ग

तर मग आईशी आधी याच्याबद्दल बोल. वाइनबद्दल नंतर. शपथ दोन मुलग्यांनी घेतली होती आणि तिचं ओझं नातीच्या डोक्यावर आलंय.

काठावरचा

मी हा धागा चार दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी दारुडा आहे. येत्या मार्चमध्ये सात वर्षं होतील, एक थेंबही घेतलेला नाही. त्याआधीची पंधरा वर्षं मी काय होतो ते माझ्या बायकोला विचारा. आम्ही कॅथलिक नाही, पण आमच्या मंडळीत तेव्हा प्रभुभोजनाला खरी वाइन असायची. सोडल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात प्याला माझ्यापाशी आला आणि वास आला. मी उठून बाहेर गेलो. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. मी त्यात बसून सरळ दुकानाच्या दारात गेलो. आत गेलो नाही. का गेलो नाही ते आजही सांगता येत नाही. मी कृपा म्हणतो, तुम्ही काहीही म्हणा.

त्या संध्याकाळी मी पाळकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील तू फक्त भाकर घे, प्याला पुढे जाऊ दे. पुढच्या महिन्यात सगळ्या मंडळीला द्राक्षांचा साधा रस दिला. दोनशे माणसांना. कोणासाठी, हे वेदीवरून सांगितलं नाही. एक वयस्कर काका कुरकुरले की चव बदलली. मला वाटतं मास्तर म्हणतात तो १४ वा अध्याय माझ्यावर उघडला गेला तो त्या दिवशी.

तर मोहरी, मी तुला काय सांगू? तुझ्या लॅबमुळे मी दारुडा झालो नाही. देशीने झालो, मित्रांमुळे झालो, आतल्या पोकळीमुळे झालो. तू ती नोकरी नाही घेतलीस म्हणून कोणा दारुड्याची एक बाटली कमी होणार नाही. पण सिस्टरांनी म्हटलं ते मी जीव तोडून म्हणतो. मला दारूने जेवढं मारलं त्याच्यापेक्षा जास्त "ही काही दारू नव्हे" या शब्दांनी मारलं. आधी बिअर दारू नव्हती. मग रविवारची दारू दारू नव्हती. तू आत असलीस आणि कोणी विचारलं, तर त्यात किती अल्कोहोल आहे तो खरा आकडा सांगशील का? सांगणार असशील तर मला वाटतं तू आत असलेली बरी.

आणि आजीला विचार. माझी आई असती तर मी तिला विचारलं असतं.

नवी निर्मिती

काठावरचे दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ प्रार्थनेत बसलो. माझं मत अजून तेच आहे, मी ही नोकरी घेतली नसती. पण ताईंनी साक्ष गहाण टाकली असं मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं, ते लिहायला नको होतं. ताई, माफ करा. आणि तुमच्याकडे जुनं मायक्रोस्कोप वगैरे काही असेल तर आमच्या शनिवारच्या मुलांना दाखवायला याल का? त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

मोहरीचा दाणा

बारा दिवसांनी येतेय. सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं.

आधी आईशी बोलले, लोहमार्गताईंनी सांगितलं त्या क्रमाने. चुलतभावाचा विषय काढला. आई बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "तो पुरुष आहे म्हणून नाही गं. तू आमची शिकलेली आहेस म्हणून." हे मला पूर्ण पटलेलं नाही, आणि तिलाही पटलेलं नसावं.

मग आजी. रविवारी दुपारी तिच्या पायांना तेल लावता लावता सांगितलं. वाइनरी म्हणजे काय, टाक्या कशा असतात, मी काय तपासणार, सगळं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "पगार बँकेत देतात ना?" आजोबांचा पगार पाकिटातून यायचा आणि वाटेतच संपायचा. ते सगळं तिने त्या एका प्रश्नात विचारलं.

मग मी शपथेचं विचारलं. ती म्हणाली, "मी तुझ्या बापाला आणि काकाला शपथ घातली ती भीतीने. दोन्ही पोरांची चण आजोबांसारखी होती. उंबऱ्याच्या आत यायला नको, एवढंच माझं मागणं होतं. बाहेर जगात काय बनतं ते मी कुठं बांधून ठेवणार?" थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "पण मला वास सोसणार नाही, बाळा. पन्नास वर्षं झाली तरी नाही सोसत."

नोकरी घेतेय. सही करण्याआधी मॅनेजरना दोन गोष्टी सांगितल्या. एक, पाहुण्यांच्या टूरमध्ये मला कधी बोलायला उभं केलं तर वाइन आरोग्याला चांगली असं मी म्हणणार नाही, आणि कोणी विचारलं तर ग्लासात किती ग्रॅम आहे ते सांगेन. ते थोडे चपापले, मग म्हणाले, टूर तुमचं काम नाही, पण ठीक आहे. दुसरी रविवारची. हंगामात रविवारी सुट्टी मिळणार नाही, फार तर पाळी बदलून संध्याकाळी पाचला सुटता येईल. आमच्या मंडळीची उपासना सकाळची. ते अजून सुटलेलं नाही.

चाखण्याचं मी अजून मनाशी ठरवू शकलेले नाही. वाइनमेकर म्हणाले, सुरुवातीचे सहा महिने फक्त नाकाने आणि मशीनने काम कर. सहा महिन्यांनी काय वाटेल ते बघेन.

मास्तर, पाळकसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले त्यांना हे आवडलेलं नाही, आणि ते माझ्यासाठी प्रार्थना करतील. दोन्ही खरं आहे असं वाटलं. नवी निर्मिती दादा, मायक्रोस्कोप माझ्या कॉलेजच्या मॅडमकडून मिळतंय. पुढच्या शनिवारी येते, दह्यातले जीवाणू दाखवू.

काल संध्याकाळी घरी आले तर आजी मागच्या अंगणात होती. नळाशेजारी एक निळी बादली आणि कपडे टांगायला खिळा, काकाकडून ठोकून घेतलेला. म्हणाली, "कामावरून आलीस की मागच्या दाराने ये. कपडे इथं बदल, बादलीत टाक, मग आत ये."

निफाडचा बागायतदार

वाचलं. हा धागा वडिलांनाही वाचून दाखवला. आजीपर्यंत आल्यावर म्हणाले, आज्जीबाईंना आमचा रामराम सांगा. डिसेंबरशेवटी थॉमसनची पहिली पेटी उतरेल, ती त्यांच्यासाठी पाठवतो. खायची द्राक्षं आहेत म्हणून सांगा.

काठावरचा

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला मराठी उपासना असते, शालिमारपासून जवळच. पाचला सुटलीस तर पोचशील. पेल्यात अजून साधाच रस असतो. मी आणि बायको उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसतो. जागा धरून ठेवू.